खिशात मावणारी हार्मोनिका

टेक्सासमधल्या चेक कुबेनांच्या घरात सोमवारी सॉसेजं कधीच झाली नव्हती. शुक्रवारी डुक्कर, शनिवारी सॉसेजं आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्या कुबेनांच्या बोटांना लसणाचा वास, हा क्रम आजोबांपासून चालत आलेला. युद्धाच्या वर्षांतही तो मोडला नव्हता. त्यामुळे भावजयीने, व्लास्टाने, रविवारी संध्याकाळी फोन करून "उद्याच करतोय गं, तुझ्याशिवाय लसणाचं पाणी जमत नाही," असं म्हटलं तेव्हा अल्बिनाला हसू आवरेना. सोमवारच का, हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

भावाच्या, लॅडीच्या, दिवाळखोरीच्या खटल्यात हरकत घ्यायची मुदत सोमवारीच संपत होती. शहरातल्या न्यायालयाची खिडकी चारला बंद व्हायची, आणि शहर इथून चांगलं सव्वा तासावर. पावणेतीनपर्यंत तिला गुंतवून ठेवलं की झालं, असा त्या भाबड्या लोकांचा बेत.

"मग जातेस कशाला?" तिच्या मुलीने, डार्लीनने, गाडीत विचारलं. गुरांच्या दवाखान्यातून खास या कामासाठी तिने रजा काढली होती. हरकतीचा कागदही तिनेच टाइप केला होता. "सरळ शहरात जाऊ, कागद देऊ, येताना काहीतरी खाऊ."

"आणि लसूण व्लास्टावर सोडू? ती पाणी उकळतं ठेवते. लसूण कडू होतो." अल्बिनाने मांडीवरची पर्स घट्ट धरली. "तासाभरात निघू. मला कोणी अडवलंय आजवर?"

शेडमध्ये सगळे आधीच जमले होते. मांसाने भरलेला टब, धुऊन ठेवलेली आतडी, आजोबांचं सॉसेज भरायचं लोखंडी यंत्र. एमिलकाका आपल्या मोडक्या खुर्चीत बसून मिरी कुटत होते. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. कुबेना बँडमध्ये चाळीस वर्षं ढोल वाजवलेला माणूस, त्यामुळे मिरीही तालात कुटायचे.

"आली गं माझी बाय!" म्हणत काकांनी अल्बिनाला मिठी मारली. मिठी जरा लांबली. सुटली तेव्हा तिच्या जाकिटाच्या खिशातली गाडीची किल्ली काकांच्या खिशात गेलेली होती. ढोलकऱ्याचा हात हलका असतो, पण इतकाही नाही. अल्बिनाने ती खुशाल जाऊ दिली. दुसरी किल्ली तिच्या बुटात होती.

लॅडी यंत्राजवळ उभा होता. तिच्याहून चार वर्षांनी धाकटा, गोरापान, आणि लाज वाटली की आधी कान लाल होणारा. आत्ता ते टोमॅटोला मागे टाकत होते.

"ये अल्बी," एवढंच तो म्हणाला.

"आले," तीही तेवढंच म्हणाली आणि बाह्या वर केल्या.

भांडण पैशाचं नव्हतं, हे एकदा सांगून टाकलेलं बरं. लॅडीच्या बेकरीतल्या नव्या भट्टीसाठी अल्बिनाने पैसे दिले होते ते बुडाले, आणि त्यावर ती एक शब्द बोलली नव्हती. महामार्गावर मोठा पेट्रोल पंप आला, तिथे सॉसेज भरलेल्या पावाला 'कोलाच' म्हणून विकायला लागले, आणि लोक तेच खायला लागले. त्याला लॅडी काय करणार? कोलाच म्हणजे मधे खसखस नाहीतर जर्दाळू घातलेला गोड पाव. सॉसेजवाल्याचं नाव क्लोबास्निक. हे ज्या राज्यातल्या शाळेत शिकवत नाहीत तिथे प्रामाणिक बेकरीवाल्याचं दिवाळं निघणारच, असं अल्बिनाचं ठाम मत होतं.

भांडण होतं हार्मोनिकाचं. बाबांची हार्मोनिका, म्हणजे बाकीच्या जगाच्या भाषेत अकॉर्डियन. मोत्यासारखी बटणं, लाल भाता, चामड्याचे पट्टे बाबांच्या खांद्यांनी काळे पडलेले. ती वाजवायला शिकली अल्बिना. बाराव्या वर्षी, नाचाच्या हॉलमागे, बाबा बिअर प्यायला जायचे तेवढ्या वेळात. बाबांनी ऐकलं, मान डोलावली, म्हणाले, "पोरीचा हात चांगला आहे." आणि देवाघरी जाताना हार्मोनिका दिली लॅडीला. मुलगा म्हणून. लॅडीला त्यातला एक सूर धड काढता येत नव्हता. त्याने ती आपल्या परीने सन्मानाने बेकरीच्या काचेच्या खिडकीत, लग्नाच्या केकशेजारी मांडली. तिथे दुपारचं ऊन थेट यायचं. "सूर धरून ठेवणारं आतलं मेण वितळेल रे, उन्हातून काढ," असं अल्बिना दर रविवारी सांगायची. लॅडी दर रविवारी 'हो' म्हणायचा.

मग दिवाळं निघालं, आणि ठेवून घ्यायच्या वस्तूंच्या यादीत लॅडीने तीही लिहिली. टेक्सासचा कायदा या बाबतीत मोठ्या मनाचा. माणूस बुडाला तरी त्याला घर, गाई, कोंबड्या, दोन बंदुका आणि घरातल्या वाडवडिलांच्या वस्तू ठेवू देतो. पण बेकरीच्या खिडकीत वर्षानुवर्षं मांडलेली वस्तू घरातली कशी? ती दुकानातली. अल्बिनाच्या पर्समधल्या कागदावर नेमकं हेच लिहिलं होतं. तिचेही पैसे अडकलेले, त्यामुळे हरकत घ्यायचा तिला हक्क होता. हरकत टिकली की न्यायालयाचा माणूस हार्मोनिका लिलावात काढणार, आणि लिलावात अल्बिना पहिल्या रांगेत बसणार. एकदाची ती तिच्या मांडीवर येणार होती, आणि तीही कोणाच्या मेहेरबानीने नाही.

"लॅडी, ते कोंबड्यांचं सांग ना डार्लीनला," व्लास्टा म्हणाली. ती गोल चेहऱ्याची, सदा घाईत असलेली बाई, आणि आज तर गप्पा थांबल्या की तिचा जीव वरखाली होत होता. "तिने ऐकलंच नाहीये."

"सगळ्या गावाने ऐकलंय, मामी," डार्लीन म्हणाली. पण तिने ॲप्रन बांधला होता, हे अल्बिनाच्या नजरेतून सुटलं नाही.

"मी सांगतो," एमिलकाकांनी मुसळ खाली ठेवलं. "घेणेकऱ्यांची बैठक. तो न्यायालयाचा माणूस, व्हिटकॉम, चष्मा नाकाच्या टोकावर. हा समोर शपथ घेऊन बसलेला, घामाघूम. तो विचारतो, 'मिस्टर कुबेना, कोंबड्या किती?' हा म्हणतो, 'सकाळी मोजायच्या की संध्याकाळी, साहेब?' तो म्हणतो, 'फरक काय?' हा म्हणतो, 'मधे कोल्हा येऊन जातो.'"

डार्लीन फसकन हसली. "खरंच असं म्हणालास, मामा?"

"शपथेवर होतो ना," लॅडी यंत्राचा दांडा फिरवत म्हणाला. "खोटं कसं बोलणार?"

"पुढे ऐक. 'आणि ही एक हार्मोनिका लिहिलीय. तुम्ही वाजवता?' 'नाही साहेब, माझे वडील वाजवायचे.' तर तो व्हिटकॉम एकदम खुलला! म्हणतो, 'माझ्याकडेही आहे. मी गाडी चालवताना वाजवतो.'"

"गाडी चालवताना!" व्लास्टाने कितव्यांदा तरी कपाळावर हात मारला आणि कपाळाला खिमा लागला.

"लॅडीने विचारलं, 'गाडी चालवताना कशी, साहेब?' तो म्हणतो, 'सोपं आहे, एका हाताने जमतं. नाहीतर खिशात पडून असते.' आणि हा आपला त्याच्याकडे बघतोय, देवमाणूस बघावा तसा!"

शेडमध्ये हशा पिकला. अल्बिनालाही हसू आलं, कारण त्या दिवशी मागच्या खुर्चीत रुमाल तोंडात कोंबून बसलेली तीच होती. त्या खोलीत दोन्ही बाजूंचं कळलेली ती एकटीच. इंग्रजीत हार्मोनिका म्हणजे माउथ ऑर्गन. व्हिटकॉमच्या डोळ्यांसमोर खिशात मावणारा बाजा होता, लॅडीच्या डोळ्यांसमोर बाबांचं ते धूड. बैठक तिथेच संपली. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही. अल्बिनानेही नाही, तेव्हा तिचा धीरच झाला नव्हता. पुढे दुरुस्तीचा कागद निघाला, त्यात स्पष्ट 'मोठं अकॉर्डियन, लाल' असं लिहिलेलं, आणि यादी दुरुस्त झाल्यामुळे त्या वस्तूपुरती हरकतीची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. व्हिटकॉमला कुठून तरी सुगावा लागला असणार, असं अल्बिना धरून चालली होती. देवाने दुसरी संधी दिली. या वेळी ती सोडणार नव्हती.

तिने भिजलेला लसूण हाताने चुरला, पाण्याचा वास घेतला, आणि ते टबात ओतलं. मग कोपरापर्यंत हात घालून कालवायला लागली. बोलणं चालूच होतं. काकांनी बाबांच्या जुन्या गोष्टी काढल्या, व्लास्टाने ताजे कोलाच आणले, डार्लीनने तीन खाल्ले आणि चौथ्याला हात घातला.

"आई," ती हळूच म्हणाली, "दोन वाजून गेले."

"माहितीये."

"म्हणजे... निघायलाच हवं असं नाही. मी नुसतं सांगितलं."

अल्बिनाने मान वर केली. मुलीच्या हनुवटीला खसखस लागली होती. चार कोलाचांत पोरगी फितूर झाली. तिने हात टबातून काढले आणि नळाखाली धरले.

"ओल्या हातांनी नको जाऊस, थंडी आहे बाहेर," व्लास्टा घाईघाईने म्हणाली. "आधी चहा घे. आणि ती आतडी कमी पडतील असं वाटतंय, जरा मोजतेस का? आणि—"

"व्लास्टा," अल्बिना म्हणाली, "पुरे झालं. सोमवारी कोणी सॉसेजं करतं का?"

काकांचं मुसळ थांबलं.

"मला काय कळत नाही? काकांनी माझी किल्ली मारली. तू सकाळपासून मला धरून बसलीयस. आणि ही," तिने डार्लीनकडे बोट केलं, "ही तर खाऊनच विकली गेली. अरे, मला खुर्चीला बांधायचं होतंत, निदान लसूण तरी सोलावा लागला नसता."

"काका, किल्ली द्या तिची," लॅडी म्हणाला.

"कोणती किल्ली?" काका म्हणाले.

"द्या."

"राहू दे. माझ्याकडे दुसरी आहे," अल्बिना म्हणाली. "लॅडी, तुला काही म्हणायचंय? तू सकाळपासून तोंड उघडलं नाहीयेस."

लॅडीचे कान आता जांभळट झाले. "म्हणायचं खूप आहे. वकिलाने बंदी केलीय. मुदत संपेपर्यंत त्या वस्तूबद्दल अवाक्षर नाही. कुणाशीच नाही, आणि तुझ्याशी तर नाहीच. तुझं नाव घेणेकऱ्यांत आहे." त्याने दांडा सोडला. "तुला जायचं असेल तर जा, अल्बी. हे सगळं यांनी ठरवलं. मी तुला अडवणार नाही."

"अडवणार नाही? अरे मूर्खा!" व्लास्टाचा बांध फुटला. "अल्बिना, ऐक, मला नाही वकिलाने बंदी केलेली. त्या व्हिटकॉमला काही कळलं नव्हतं. मुदत संपून गेली होती, हार्मोनिका आमची झाली होती! कोणी हरकत घेतली नाही की चुकीचं लिहिलेलंसुद्धा पक्कं होतं म्हणे. आणि हा बाबा रात्रंदिवस एकच विचार करत बसला, एका हाताने भाता कसा ओढत असेल? एक दिवस सकाळी दाढी करता करता ओरडला, 'व्लास्टा, त्याला माउथ ऑर्गन वाटला!' आणि अर्ध्या दाढीने गेला वकिलाकडे. स्वतःच्या पायाने! मी म्हटलं, गप्प बस, निभावलंय ना. तर म्हणतो, शपथेवर होतो. म्हणतो, आणि अल्बीला हरकत घ्यायची असेल तर घेऊ दे, तिचा हक्क आहे."

"व्लास्टा," लॅडी म्हणाला.

"काय व्लास्टा! सगळं गेलं आपलं, हे एवढं राहिलं होतं!" तिने ॲप्रनने डोळे पुसले.

अल्बिना पर्स उचलून बाहेर पडली. बुटातून किल्ली काढली, गाडीत बसली, पर्स शेजारी ठेवली. अजून वेळ होता. नीट चालवली तर खिडकी बंद व्हायच्या आत ती सहज पोचली असती.

तिने किल्ली फिरवली नाही. तिला राग आला होता, आणि राग कोणाचा हे ठरत नव्हतं. बाबांचा होता, पण ते केव्हाच जाऊन बसले होते चर्चमागे, दगडाखाली. लॅडीचा म्हणावा तर त्या गाढवाने स्वतःच्या हाताने तिला दार उघडून दिलं होतं. आणि ती त्या दारातून काय घेऊन येणार होती? लिलावातून हार्मोनिका आणायची, आपल्या स्वयंपाकघरात बसायचं, आणि वाजवायची. कोणासाठी? काकांचा ढोल इथे, व्लास्टाचं बेसूर गाणं इथे, फितूर पोरगीही इथेच. पुढच्या वर्षी शनिवारी हे सगळे सॉसेजं करतील आणि तिला फोन येणार नाही.

काचेवर टकटक झाली. लॅडी होता, हातात बशी. बशीत तव्यावर परतलेल्या खिम्याची छोटी वडी.

"मीठ बघून जा," तो म्हणाला. "बाकी काही म्हणत नाही. पण अख्खं डुक्कर आहे, आमच्यात कोणालाच कळत नाही."

तिने काच खाली करून तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ घातलंय की नाही?"

"व्लास्टाला वाटलं काकांनी घातलं. काकांना वाटलं—"

"अरे देवा!" अल्बिना गाडीतून उतरली. "तुम्हा लोकांवर एक डुक्कर सोपवता येत नाही. सरक. आणि काकांना सांग, मिरीला हात लावायचा नाही."

साडेतीनला सगळी सॉसेजं भरून टांगलेली होती. धुरीच्या खोलीत ओकचं लाकूड पेट घेईना, तेव्हा अल्बिनाने पर्समधून कागद काढला, एकदा वाचला, चुरगाळला आणि लाकडाखाली सारला. कागद चांगला जाड होता. लगेच पेटला.

"डार्लीन, टायपिंग छान होतं हो तुझं," ती म्हणाली.

काकांनी घड्याळात चारचे ठोके पडल्यावर टोपी काढून छताकडे फेकली. व्लास्टाने अल्बिनाचे मुके घेतले. लॅडीने तिला दहा सॉसेजं बांधून दिली, गाडीपर्यंत आला, आणि "उद्या सकाळी घरी आहेस ना?" एवढंच विचारलं. हार्मोनिकाबद्दल आभाराचा एक शब्दही नाही. घरी जाताना अल्बिनाला ते जरा लागलं, कशाला खोटं बोला.

सकाळी ती तव्यावर सॉसेज परतत असताना दारात भोंगा वाजला. लॅडीची बेकरीची जुनी गाडी. तिच्यावरचं नाव खरवडून काढलेलं, पण केकचं चित्र अजून शाबूत. तो मागचं दार उघडून काहीतरी जड ओढत होता.

"वकिलाचा फोन आला आत्ता," तो धापा टाकत म्हणाला. "काल रात्री बारापर्यंत वकील लोकांना कॉम्प्युटरवरून हरकत घेता येत होती म्हणे. बँकेचे, भट्टीवाल्यांचे, सगळ्यांचे. एकानेही घेतली नाही. आजपासून ती माझी. कोणाचा बाप काढून घेऊ शकत नाही."

"अभिनंदन," अल्बिना म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून कोरडा निघाला.

"माझी म्हणजे, माझी असल्यावर मला कोणालाही देता येते ना." त्याने काळी पेटी तिच्या पायरीवर ठेवली. "आधी दिली असती तर लपवाछपवी ठरली असती. दिवाळं काढायच्या आधी बहिणीकडे माल पोचवला म्हणून तुलाही ओढलं असतं त्यांनी. दोन वर्षांपासून द्यायची होती गं. मग धंदा बसायला लागला, वकिलाने सांगितलं, काही हलवू नकोस, बोलू नकोस. तिथेच खिडकीत बसून राहिली, आणि माझ्या तोंडाला कुलूप." त्याचे कान लाल झाले. "बाबांचं चुकलंच, अल्बी. मला तेव्हाच कळलं होतं. पण मला मिळाली म्हणून मी खूश होतो."

तव्यावर सॉसेज करपत होतं, वास सुटला होता, दोघांपैकी कोणी हललं नाही. मग ती पायरीवरच बसली, पेटी उघडली, पट्टे खांद्यांवर चढवले. ते बाबांच्या मापाचे होते, तिला जरा सैल झाले. लॅडीने मागून पट्टा एका भोकाने घट्ट केला.

तिने भाता ओढला. बोटं आपोआप जागेवर गेली, हॉलमागच्या त्या काळोखात जायची तशीच. पहिला सूर निघाला आणि अंगणातली बदकं दचकून पळाली. इतका बेसूर आवाज कुबेनांच्या घराण्यात कोणी काढला नव्हता. दुसरा तर निघालाच नाही, आत नुसतं घरघरलं.

लॅडीने मान खाली घातली.

अल्बिनाचे डोळे भरून आले होते, तरी ती हसत होती. तिने भाता पुन्हा ओढला, पुन्हा तेच.

"दर रविवारी सांगत होते की नाही," ती म्हणाली, "उन्हातून काढ म्हणून?"

"हो," लॅडी म्हणाला.